बांधीत कोंडलेली

करोनाची दुसरी लाट माझ्या अंगावरून गेली आणि जाताना काय घेऊन गेली, ते कुठल्याच रिपोर्टात आलं नाही. चंद्रपूरला ऑक्सिजनवर होते, तेव्हा सगळं गाव माझी चौकशी करायचं. घरी चालत आले आणि चौकशी संपली. ताप नाही, खोकला नाही, तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे, ताकदीचं औषध घ्या." मी घेतलं. अंगणात सडा टाकायचा आणि मग तिथेच उंबरठ्यावर बसून राहायचं, एवढीच ताकद त्या बाटलीत होती. एखाद्या दिवशी हट्टाने चादरी धुतल्या, तर दुसऱ्या दिवशी वेणी घालायलाही हात वर जात नसे.

नवरा बल्लारपूरला कामाला, सुट्टीला घरी येणार. त्यामुळे घरात मी आणि सासू. सासूचं एकच म्हणणं होतं, "दिसाले त धट्टीकट्टी दिसते. कायची बिमारी वं हे?" पौर्णिमेला विहारातसुद्धा बायका माझ्याकडे बघून आपसात हळू बोलायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि रागवायलाही दम लागतो हे मला तेव्हाच कळलं. एखादा पाय मोडला असता तर बरं झालं असतं, असं मी खरंच मनात म्हणायचे. प्लास्टर तरी दिसलं असतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात धानाचा रोवणा आला. सासू आमच्या टोळीची पुढारी. आमची टोळी धान रोवायचं काम गुत्त्याने घेते, म्हणजे अख्खं शेत अंगावर घ्यायचं आणि सगळ्या जणींनी मिळून उरकायचं. त्यात एक हात ढिला पडला की त्याचा भार बाकीच्यांवर जातो. आजारपणाआधी माझा हात टोळीत सगळ्यात चलाख होता. माझ्या शेजारी उभं राहायला बायका कुरकुर करायच्या. म्हणून मी ठरवलं, या वर्षी जायचंच. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून नव्हे. आपण अजून त्यांच्यातल्याच आहोत, हे मला स्वतःला बघायचं होतं.

बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, सासूने मला ओळीच्या मधोमध उभं केलं. "दोघींच्या मंदात राह्य, सरक सरक करत येशीन." एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला शेजारीण. रोवणारी बाई वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चिखलात खोचत मागे मागे जाते. पुढे हिरवं होत जातं, पाठीमागे मोकळं पाणी असतं. मात्र एखादी मागे पडली, तर आमच्याकडे तिला कोंडायची रीत आहे. दोन्ही बाजूच्या बायका रोवत रोवत तिच्या पाठीमागे जाऊन मिळतात आणि ती चहूबाजूंनी पऱ्ह्यांत अडकते. मग हशा होतो, ती लुगडं आवरून उडी मारते आणि संध्याकाळी टोळीला चहा पाजते. यात कोणाचा आकस नसतो. हात सवयीनेच तिकडे वळतात.

मी कधी कोंडले गेले नव्हते. त्या दिवशी मान वर करून वळून पाहिलं, तर मागेही हिरवं होतं.

"कोंडली वं, कोंडली!" शेजारीण ओरडली. "चहा मांडून ठेव आता!"

मी हसले. निदान हसायचा प्रयत्न केला. मग उडीसाठी पाय उचलायला गेले, तर पाय उचलेना. दुखत नव्हतं काहीच. बांधीचं तोंड फोडल्यावर पाणी निघून जातं, तसं अंगातलं सगळं निघून चाललं होतं. मी त्या चिखलपाण्यात बसले. साडी भिजली, कंबरेपर्यंत गार झालं. हातात पऱ्ह्यांची पेंढी तशीच होती.

"नाटक नोको करू वं, उठ ना," कोणीतरी म्हणालं.

मला उत्तर द्यायचं होतं. चांगलं खरमरीत उत्तर तयारही होतं. तोंडातून शब्दच निघेना. हसणं हळूहळू थांबलं आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघत राहिल्या. चार हातांवर धुरा, म्हणजे बांधीचा कोरडा बांध, आणि मी त्या एवढ्याशा चौकोनात. मला भयंकर भीती वाटली.

मग सासू आली. लावलेलं धान ती कोणाला तुडवू देत नाही, पोरासोरांना त्यावरून शिव्या देते. ती खाली वाकली आणि तिने स्वतःच्या हाताने रोवलेले पऱ्हे उपटायला सुरुवात केली. मूठ मूठ उपटून बाजूला ठेवत तिने माझ्यापर्यंत वाट केली. काखेत हात घालून मला उठवलं आणि धुऱ्यावर आणून बसवलं.

"सच्चीच होत नाई का वं तुले?"

"नाई होत, बाई," मी म्हणाले आणि रडले. तिने पदराने माझ्या तोंडावरचा चिखल पुसला, परत गेली आणि उपटलेले पऱ्हे पुन्हा रोवत बसली.

त्या रात्री मला वर्षभरात पहिल्यांदा हलकं वाटलं. एका माणसाने तरी मानलं होतं.

सकाळी टोळी निघाली. बायका दारोदार हाका मारत येतात, तशा आल्या. आमच्या दारी हाक आली ती फक्त सासूला. शेजारणीने माझ्याबद्दल विचारलं असावं, कारण सासूचा दबका आवाज आला, "तिले झोपू द्या. तिच्यानं नाई होत आता." कोणी हसलं नाही, कोणी टोमणाही मारला नाही. शेजारीण म्हणाली, "हो बाई, झोपू द्या तिले." बांगड्यांचा आवाज रस्त्याने दूर गेला.

मी जागीच होते. उठून ओरडावं, मलाही न्या म्हणावं, असं वाटलं. बांधीतून सासूने मला वाट करून काढलं होतं. या खाटेवरून काढायला आता कोणी येणार नव्हतं, कारण सगळ्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता.