बोटांवर मिटलेला लॅपटॉप

आज जूचंद्र गावात मी घेते त्या कोडिंगच्या क्लासमध्ये एका विद्यार्थिनीनं वैतागून लॅपटॉप धाडकन मिटला आणि माझी बोटं आपोआप आखडली.

अर्नाळ्याला सासरी असताना मी दुपारी लॅपटॉपवर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचे. प्रॉम्प्टवर एक ओळ लिहायची. चुकली, तर लॅपटॉप कुठे चुकलं ते सांगायचा आणि पुन्हा वाट पाहायचा. त्या घरात चुकल्यावर एवढं कुणी थांबत नसे. एकदा नवऱ्यानं "जेवण वाढायचं सोडून हे काय?" म्हणत झाकण माझ्या बोटांवर आपटलं आणि वरून दाबून धरलं. नखांखालून रक्त आलं. सासूबाईंनी त्याला ढकललं, माझा हात बादलीत बुडवला. "पानी लागू दे," म्हणाल्या. मग लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे दिला. "माहेरी जा. परत येऊ नको."

तेव्हा मला वाटलं, त्याही मला हाकलताहेत.