होडीला तेल कुठलं? गुहागरच्या खाडीकाठचे काही दिवस

आतेचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका जुन्या टेबलाला पॉलिश करत होते. तिच्या गावाजवळ नवं रिसॉर्ट झालंय आणि मालकाला तिची होडी हवी होती. पाण्यात घालायला नव्हे, दारात ठेवून आत कोशिंबिरी मांडायला! आतेचा मुलगा संदीप मुंबईत नोकरीला. काका, म्हणजे आतेचे यजमान, गेल्यापासून होडी मांडवाखाली पडून आहे, लाकूड खराब होतंय, देऊन टाकू, असं तो म्हणत होता. त्यात चूक काहीच नव्हती. आते मला एवढंच म्हणाली, "तू लाकडाचं काम करतेस ना गो? येऊन बघ. नायच जमलं तर देऊन टाकू."

मी हातातलं काम उरकलं आणि तेलाचे डबे गाडीत भरले.

पुण्याहून गुहागरला जायचं तर मला सातारा, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट हाच रस्ता आवडतो. दिवाळी नुकती झालेली, घाट अजून हिरवा. वळणं भरपूर आहेत, तेव्हा पोट हलकं ठेवा. घाट उतरल्यावर अलोऱ्याला चहा प्यायले, पुढे चिपळूणवरून गुहागर. आतेचं गाव तिथून तवसाळच्या रस्त्याला, खाडीच्या अगदी काठावर. जाताच पुढ्यात तांदळाची भाकरी आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं आलं. जेवण अर्धवट टाकून होडी बघायला जावं असं फार वाटत होतं, पण आतेसमोर ते शक्य नव्हतं.

होडी पाहिली आणि जीव भांड्यात पडला. काठावरचं व्हार्निश पापुद्र्यांसारखं सुटलं होतं, त्याखाली पाणी शिरून एक फळी कुजली होती. बाकीचं सागवान मात्र टणक होतं. व्हार्निश वरच्यावर बसतं. त्याला चीर गेली की आत गेलेलं पाणी तिथेच कोंडतं. तेल लाकडात मुरतं आणि त्याचा पापुद्रा सुटत नाही. म्हणून तेलच द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं. पण कुठलं?

दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या सुटीवर आलेला संदीप, आते आणि मी तवसाळहून फेरीबोटीनं जयगडला उतरलो. गाडीसकट पलीकडे जाता येतं, तिकीट किरकोळ आहे. सुटीच्या दिवशी मात्र रांग लागते, लवकर पोचा. तिथून रत्नागिरी, मिरकरवाडा. बंदरात लिलाव जोरात चालला होता, बर्फाच्या गाड्या वाट काढत होत्या. काकांच्या ओळखीचे एक सुतार तिथे ट्रॉलरची दुरुस्ती करतात. हल्ली फायबरचंच काम जास्त, म्हणून लाकडाचं नाव काढताच ते खुलले. पाण्याखालच्या भागाला तेल नको, तिथे रंगच हवा, असं त्यांनी बजावलं. जवसाच्या तेलावर पावसाळ्यात काळी बुरशी धरते, असंही म्हणाले. आतेचा भरवसा उंडेलावर, म्हणजे उंडीच्या बियांच्या तेलावर. तिच्या सासऱ्यांच्या होड्यांना तेच असायचं. मी पुण्याहून आणलेल्या टंग तेलाचं, म्हणजे एका चिनी झाडाच्या बियांच्या तेलाचं नाव सुतारांनी ऐकलेलं होतं, वापरलेलं नव्हतं. लावून बघा आणि मलाही कळवा, म्हणाले. कुजलेल्या जागी बसवायला सागाची फळीही त्यांनीच निवडून दिली.

मग काय, आतेच्या अंगणात प्रयोगशाळा! जुन्या फळीचे तुकडे घासले, प्रत्येकाला वेगळं तेल चोपडलं, वाळू दिले आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडले. 'टीक ऑइल' असं छापलेल्या डब्यात तेल कमी आणि थिनरच जास्त निघालं. तो तुकडा पाणी पिऊन बसला. उंडेल चिकटच राहिलं. जवसाचा रंग सुरेख आला, पण बुरशीची धास्ती होती. टंग तेलाच्या तुकड्यावर पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहिले. मी आनंदानं आतेला मिठीच मारली. तिनं तुकडा हुंगला, नखानं खरवडला आणि मान डोलावली.

तेल चोपडलं त्याच दुपारी जवसाच्या तेलात भिजलेल्या कापडाचे बोळे आतेनं टापटिपीनं एका टोपलीत दाबून मांडवाखाली ठेवले. असे बोळे एकत्र कोंबले की आपोआप तापतात, पेटही घेतात, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. रात्री आम्ही जेवत होतो. संदीपला जळका वास आला. आम्ही बाहेर येईपर्यंत टोपलीतून धूर निघत होता आणि वरची झावळी पेटली होती. संदीपनं ती टोपली नुसत्या हातांनी उचलली, खाडीत भिरकावली आणि झावळी ओढून पायाखाली विझवली. होडीला धग लागली नाही. त्याच्या तळहातावर फोड आले. आते त्याचा हात पाण्यात धरून बसली. तेव्हा तो म्हणाला, "बाबांनी याच होडीत मला पोहायला शिकवलं होतं." रिसॉर्टचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

(तुम्ही हे काम कराल तेव्हा बोळे उघडे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. हे विसरू नका.)

दुसऱ्या दिवसापासून संदीप पट्टी बांधलेल्या हातानं होडी घासायला बसला. सगळं जुनं व्हार्निश काढावंच लागतं, नाहीतर तेल आत शिरत नाही. सुतार येऊन फळी बसवून गेले. पाण्याखालच्या भागाला रंग दिला, वरच्या लाकडाला टंग तेल. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, पुढचे घट्ट. दर वेळी वर राहिलेलं तेल पुसून काढायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. तेल पडेल तसे सागाचे रेषे उजळत गेले, आणि आम्ही तिघं बघत राहिलो.

भरतीला होडी पाण्यात लोटली. आतेनं पदर खोचला, वल्हं हातात घेतलं आणि आम्हाला काही न विचारता निघालीच. तेवढ्यात रिसॉर्टवाल्याचा फोन आला. संदीप शांतपणे म्हणाला, "नाही जमणार. होडी कामात आहे."

पुण्याला परतून आता काही दिवस झालेत. दर पावसाळ्यानंतर तेलाचा एखादा हात द्यावा लागेल; पण खरवडणं नाही, जुन्यावरच नवं मुरतं. हातांवरचं तेल निघालं, उत्साह काही उतरला नाही. काल आतेचा फोन आला, तो तिच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या धाकट्या आतेच्या घरून. बहीण खाडीच्या पलीकडे राहते, तिचे गुडघे धरलेले, रस्त्यानं फार मोठा वळसा. दोघींची भेट लग्नकार्यातच व्हायची. आते एकटीच वल्हवत गेली होती. परत कधी निघणार, असं मी विचारलं.

"आज नाय गो," ती म्हणाली. "आमचं बोलणं अजून संपलेलं नाय."