किमच्या घरची भाकरी

मोनिकाकाकू साळवेची पिठाची गिरणी आमच्या गावाच्या चौकात आहे, पण तिचा आवाज गिरणी बंद असतानाही वेशीपर्यंत पोचतो. सगळा जन्म घरघरीच्या वर बोलण्यात गेला; आता ती देवाची प्रार्थनाही त्याच पट्टीत करते आणि चर्चमधली माणसं हळूच कानावर हात ठेवतात. दळणात खडा सापडला की ज्याचं दळण त्याचा उद्धार झालाच, मग तो सरपंच असो नाहीतर जावई. माझं किराणा दुकान गिरणीला लागून आहे, त्यामुळे माझा उद्धार रोजचा.

मणिपुरात दंगली पेटल्या, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. श्रीरामपूरहून आलेल्या फादरनी रविवारी सांगितलं की तिकडची माणसं अजून छावण्यांत पडून आहेत, आपल्याच देशात निर्वासित झालीत. एखाद्या गावानं एका कुटुंबाचा भार उचलला तर बरं होईल. बाकीचे मान खाली घालून विचार करत होते. काकू उभी राहिली. “एक आमाला द्या,” म्हणाली, फादर कोंबडीची पिल्लं वाटत असल्यासारखं.

मग तिनं आम्हाला धरलं. आम्ही म्हणजे मी, कपडे शिवणारी फरीदा आणि दूध डेअरीवाला गोरक्ष.

“काकू, पर मी ख्रिस्ती न्हाई,” गोरक्षनं सांगून बघितलं.

“तुला ख्रिस्ती कोन करतंय, मुडद्या? तुझ्या डेअरीमागच्या दोन खोल्या पायजेत.”

झालं, मंडळ स्थापन झालं.

श्रीरामपूर स्टेशनवर ती तिघं उतरली. पाओलाल, त्याची बायको किम आणि झोपेनं पेंगुळलेली छोटी मुलगी. घर जळालं होतं, किमचा भाऊ गेला होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढं कुणी काही विचारायचं नाही, अशी काकूची सक्त ताकीद होती. खोलीच्या दारात काकूनं तिघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाओलाल दचकला. किमनं मात्र डोकं खाली वाकवलं; ओवाळणं म्हणजे काय, हे बाईच्या जातीला सांगावं लागत नाही.

त्या दिवसापासून त्यांचे लाड सुरू झाले. घरोघरून डबे जायचे. फरीदानं मुलीला फ्रॉक शिवले. पाओलालला गोरक्षनं डेअरीवर घेतलं, तेही काकूला पटलं नव्हतं. “दमलेला जीव हाय, जरा बसू दे की त्याला,” म्हणायची. आणि किमशी बोलताना काकूचा आवाज इतका मऊ व्हायचा की आम्ही एकमेकांकडं बघायचो. हा आवाज तिच्याकडं होता, तर आमच्यासाठी एवढी वर्षं का काढला नाही?

किमनं गिरणीत झाडायला झाडू उचलला की काकू तिच्या हातातून तो काढून घ्यायची. “तू बस गं माझे बाई.” किमनं एकदा परतीच्या डब्यात भाजीसाठी भोपळ्याचे कोवळे शेंडे घालून दिले, परसात तिनंच वेल लावला होता. काकूनं ते तसेच माघारी धाडले. “आदी तुमी खावा, पोरीला घाला.” आम्हाला यात मायाच दिसली. किम डबा घेऊन आत गेली.

मग सप्ताह आला. आमच्याकडं सप्त्याच्या शेवटच्या दिवशी आमटी-भाकरीची पंगत असते. आमटी देवळापुढं कढईत शिजते, पण भाकरी येते घराघरातून. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, चूल पेटते त्या प्रत्येक घरातून. त्यासाठी फैयाज आपला टेम्पो धुऊन आत पांढरी चादर अंथरतो, आणि शेजारी माईक घेऊन बसते मोनिकाकाकू. सप्त्याची बाजरी ती फुकट दळून देते, त्यामुळे हा मान तिचा. “भाकरी आना गं बायांनो! आमटी उकळाया लागली!” हे ऐकल्याशिवाय गावाला सप्ताह झाल्यासारखा वाटत नाही.

त्या दिवशी निघतानाच तिनं फैयाजला सांगितलं, “किमच्या दारात थांबू नगं. त्यांच्यावर कशाला वझं?”

भाकरी घ्यायला मी मागं उभा होतो. डेअरीच्या गल्लीत वळलो तर किम दारात उभी. अंगावर धुतलेली साडी, कमरेवर पाटी, वर पांढरं फडकं. टेम्पो तिच्यासमोरून गेला. मी पत्रा बडवला, पण माईकपुढं माझं कोण ऐकतंय! किम टेम्पोमागं दोन पावलं आली, हात वर केला आणि थांबली. टेम्पो पुढच्या घरापाशी उभा राहिला आणि तिथल्या बायका हसत हसत पाट्या रित्या करू लागल्या.

दुपारी पंगतीची पहिली रांग बसत होती, तेवढ्यात पाओलालनं मांडवात येऊन गोरक्षच्या हातात खोलीची किल्ली ठेवली. बंगळूरला चुलतभाऊ आहे, उद्याच्या गाडीनं तिकडं जातो, म्हणाला. सगळ्यांचे आभार मानले.

काकूच्या हातातली पळी कढईतच राहिली. ती तशीच निघाली, मागून आम्ही.

खोलीत पिशव्या भरून झाल्या होत्या. “कुनी काय बोललं का तुला?” काकूनं विचारलं. “नाव सांग. त्याची जीभच हासडते.”

“कोणी नाही बोललं,” किम म्हणाली. तिचं मराठी शब्दाशब्दाला अडखळायचं. “काकू, छावणीत पण लोक चांगले होते. भात देत होते. कपडे देत होते. आमच्याकडून कोणी काही घेत नव्हतं.” तिनं पिशवीची गाठ आवळली. “इथं पण कोणी घेत नाही.”

कोपऱ्यात पाटी तशीच होती. फरीदानं ती पुढं ओढली. “भाकरी थापाया माझ्याकडं शिकली ती. चांगले हात पोळून घेतले. तुमाला सांगू नगं म्हनली हुती, एकदम दाखवायचं हुतं तिला. काकू, तुमी मायेनं पार लुळं करून ठिवलं तिला!”

काकूला असं तोंडावर बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. पदरानं डोळे पुसले, पदराचं पीठ गालाला लागलं, पुन्हा पुसले. नवरा गेला तेव्हासुद्धा ती चारचौघांत रडली नव्हती. मला फार वाईट वाटलं, तिचंही आणि किमचंही.

मग तिनं फडकं उचललं. भाकरी जाडजूड होत्या, कडा फाटलेल्या, एकीचा तर कोळसा झालेला.

“आन् ह्या कवा द्यायच्या?” काकू तिच्या खऱ्या आवाजात कडाडली. “पंगत उठल्यावर? लोकं खोळंबलीत तिकडं! उचल पाटी!”

किम गोंधळून बघत राहिली. मी पाटीला हात लावायला गेलो तर काकूनं तो झटकला. “ठिव. तिच्या घरची हाय, ती न्हेईल.”

किमनं पाटी डोक्यावर घेतली.

मांडवात तिनं स्वतः वाढलं. मागून काकू आमटीची बादली घेऊन. रांगेच्या टोकाला बिभीषणआबा बसले होते. आबांना दात नाहीत, पण खोड काढायला ते लागत नाहीत. त्यांनी भाकरी हातात घेऊन फिरवली, वाकवून बघितली. ती वाकेना.

“ही भाकर हाय का वीट? कुनाच्या घरची म्हनायची ही?”

सगळी पंगत आबांकडं बघू लागली. काकूनं ओरडायला छातीभर श्वास घेतला. आता आबांचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. पण किम आधी बोलली.

“माझ्या घरची, बाबा. पुढच्या साली पातळ करीन.”

“कर,” आबा म्हणाले. “आन् आता आमटी वाढा रं कुनीतरी. ही भिजाया येळ लागंल.”

आमटी वाढायची होती काकूनं. ती पळी भरून तशीच उभी होती, आमटी आबांच्या धोतरावर ठिबकत होती आणि आबा ओरडत होते.

“हर्षल्या,” ती मला म्हणाली, “पुढच्या साली म्हनली ना रं ती?”

“व्हय काकू,” मी म्हणालो. “सगळ्या पंगतीनं ऐकलं.”