शिंपलेवालीची वेळ

मुलाच्या नव्या इमारतीत राहायला आल्यापासून मी एका शिंपलेवालीला ओळखते. खाडीच्या चिखलात वाकून शिंपले काढायचे, धुवायचे आणि टोपली घेऊन आमचे तीन जिने चढायचे, असं तिचं आयुष्य. बोटं सदा चिरलेली, तोंड मात्र हसरं.

तिची यायची वेळ रोज वेगळी. मी ती रोजनिशीत टिपून ठेवत असे. बाई आळशी आहे, असं मी मजल्यावर बोललेही, आणि माझं ऐकून दोन घरांनी तिच्याकडून घेणं बंद केलं.

एका गुरुवारी मी वही घेऊनच दारात उभी राहिले.

"ऐक. सोमवारी आठ, मंगळवारी आठ पन्नास, बुधवारी नऊ चाळीस, आज साडेदहा! घड्याळ बघतेस की नाही?"

ती खळखळून हसली. "आजी, तुम्ही तर ओहोटीच लिहून ठेवलीत! चंद्र रोज थोडा उशिरा येतो, मग पाणीही उशिरा ओसरतं. त्याआधी शिंपले काय नळातून काढू?"

माझे कान तापले. चंद्राचा हा उशीर मी मिशनच्या शाळेत शिकले होते. शिकवणाऱ्या सिस्टरांनी त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

"चुकलं गं माझं," मी म्हणाले.

"असू दे हो. तुमच्या मजल्यावरची दोन घरं का तुटली, तेवढं मात्र कळत नाही."

सांगायला मी तोंड उघडलं.

"आज दोन वाटे दे," एवढंच बोलले.