ड्राय बाल्कनीतलं ऑफिस

माझं ऑफिस दर आठवड्याला घरातल्या घरात बिऱ्हाड बदलायचं. आकुर्डीचा आमचा फ्लॅट म्हणजे एक हॉल, एक बेडरूम. आमचे अहो चाकणला एका लहान कारखान्यात प्रेसवर, पत्रे दाबायच्या मशीनवर, आणि त्यांची शिफ्ट आठवड्याला फिरते. फर्स्ट असली की बेडरूम माझी. थर्ड आली की ते सकाळी येऊन तिथे झोपणार, मग मी टेबल, लॅपटॉप, वायरींचं जंजाळ उचलून हॉलमध्ये. आणि काम काय, तर दिवसभर कानाला हेडफोन लावून दुकानदारांना बिलाचं सॉफ्टवेअर शिकवायचं. "सर, हिरवं बटण दाबा. हिरवं! अहो, लाल नाही!" माझा आवाज मुळातच खणखणीत, आणि मधे एक पातळ दार.

लोकांना वाटतं, घरून काम म्हणजे मज्जाच. कसली डोंबलाची मज्जा! मागे यांच्या शेजारच्या प्रेसवरच्या माणसाला थर्डमध्ये डुलकी लागली आणि त्याची दोन बोटं गेली. अहोंनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि चहा न घेता आडवे झाले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कॉल चालू असायचा आणि माझे डोळे त्या दाराकडे. आत पलंग करकरला की संपलंच. मग मी एकदम आवाज खाली आणायची, कुजबुजायची, की समोरचा ओरडणार, "मॅडम, ऐकू येत नाही!" संध्याकाळी यांचे डोळे लालबुंद. "झोप झाली का?" विचारलं की, "झाली की," म्हणून विषय बंद. ते भाकरी मोडायचे आणि मी नुसती त्यांची बोटं बघत बसायची. माझ्या बडबडीपायी या माणसाचा हात जाईल, या भीतीनं माझं जेवण ताटातच राहायचं.

शेवटी नजर पडली ड्राय बाल्कनीवर. स्वयंपाकघरामागची, वॉशिंग मशीन ठेवायची ती चिंचोळी जागा, बेडरूमपासून सगळ्यात लांब. मला दम निघत नव्हता, म्हणून टेबलाच्या जागी फळी ठोकायला मिस्त्रीला पहिल्याच गुरुवारी बोलावलं, यांना सुट्टी असते म्हणून. त्यानं ड्रिलचा प्लग लावला, बटण दाबलं, आणि ढिम्म. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखाने बंद, म्हणून दुरुस्तीला लाईटही बंद, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"वहिनी, नवीन आहात का इकडं?" मिस्त्री म्हणाला. अहो खो खो हसायला लागले. मी दोघांवरही उखडले.

दिवेलागणीला एकदाची लाईट आली आणि फळी बसली. कोपर टेकेल अशी उंची, स्क्रीन डोळ्यांसमोर यावी म्हणून लॅपटॉपखाली पोह्यांचा डबा, काचेच्या फटीत फोमची पट्टी, दारावर दोन जाड गोधड्या. अहोंनी सगळ्या वायरी कंपनीतल्यासारख्या सरळ रेषेत बांधून दिल्या. खुर्ची मागे सरकली की भिंतीवर आपटायची, पण ते मी चालवून घेतलं.

थर्डचा आठवडा सुरू झाला. पहिल्या दिवशी मी मोकळ्या गळ्यानं बोलले. दुपारी दोन कॉलच्या मधे चोरपावलांनी जाऊन बेडरूमचं दार ढकललं, तर अहो छताकडे बघत टक्क जागे.

"आवाज आला माझा?"

"नाही ना. तेच तर." ते उठून बसले. "प्रेस गप्प झाली की समजायचं काहीतरी बिघडलंय. इतक्या वर्षांची सवय आहे, झोपेतसुद्धा शांत झालं की दचकून उठतो मी. तू बोलत असलीस की कसं, लाईन चालू आहे असं वाटतं."

"मग रोज डोळे लाल कशानं व्हायचे?"

"तू मधेच बारीक बोलायला लागायचीस ना. तेव्हा जाग यायची."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"तू माझ्यासाठी एवढी धडपडत होतीस. कुठल्या तोंडानं सांगू?"

असं डोकं तापलं म्हणता! ती फळी, तो फोम, त्या गोधड्या, तो मेला पोह्यांचा डबा! मी तणतणत जाऊन लॅपटॉप उचलून आणला आणि पलंगाच्या पायथ्याशी फतकल मारून बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते काही रागाचं नव्हतं. पुढचा कॉल घेतला. "सर, हिरवं बटण दाबा. हिरवं!" पार शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं. चादरीवर त्यांचा हात उताणा पडला होता, पाची बोटं सैल. आणि मग ते घोरायला लागले.

"मॅडम," पलीकडचा दुकानदार म्हणाला, "मागे कसली मशीन चालू आहे? बंद करता का जरा?"

"नाही सर," मी म्हटलं. "ती चालूच राहू दे."