मातीला बोलावणं

हे माझ्या तोंडून आजपर्यंत कोणी ऐकलेलं नाही. मित्रांनी नाही, नातेवाइकांनी नाही, आणि जिनं सर्वांत आधी ऐकायला हवं होतं त्या जेननं — माझ्या बायकोनं — तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर मी घासाघीस करतो. स्वतःच्या चुकीचीसुद्धा करतो — थोडी माझी, थोडी तुझी, चल मिटवू. तुमच्यापाशी भाव पाडायला जागा नाही.

आधी मी कोण ते सांगतो. मी दिग्रसचा. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. एका ओळखीच्याचा हात धरून मी इंग्लंडला गेलो आणि लेस्टरच्या उघड्या बाजारात कापडाचे कटपीस विकायला उभा राहिलो. थंडीत बोटं वळायची नाहीत, पण जीभ चालायची. मला कोणी काही फुकट दिलं नाही, मीही कोणाला दिलं नाही. शेजारच्या ठेल्यावर जेन अंडी आणि चीज विकायची. आम्ही लग्न केलं. त्या दिवशी तिच्या सख्ख्या भावानं, पीटरनं, तिला फोनवर सांगितलं की यापुढे मला बहीण नाही. पुढे कितीतरी वर्षं ती त्याच्या वाढदिवसाला फोन करत राहिली. तो आवाज ओळखायचा आणि ठेवून द्यायचा. मग एका वर्षी तिनं करणं सोडलं. तिच्यासमोर त्याचं नाव मी नंतर कधी काढलं नाही.

म्हणजे मला हे माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

आम्हाला मूलबाळ नाही. धंदा विकला तेव्हा मीच हट्ट धरला — आता घरी जाऊ. घर माझं होतं, तिला तो परदेशच. पुसदच्या रस्त्याला, गाव संपतं तिथे छोटं घर बांधलं आणि दोन म्हातारी माणसं उन्हाशी जमवून घ्यायला लागली. उन्हाळ्यात सकाळी दहालाच खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडायचं आणि संध्याकाळपर्यंत घुबडासारखं बसून राहायचं. नळ येईल त्या दिवशी ती सगळी भांडी भरून ठेवायची — अगदी केकचा साचासुद्धा. डोक्यावर रुंद हॅट, अंगात सुती साडी आणि पायात बूट, अशी ती भाजीबाजारात निघायची. "काहून एवढी महाग?" असं ती विचारायची तेव्हा भाजीवाल्या हसून हसून बेजार व्हायच्या. मग सांगितला तो भाव देऊन यायची, वर कोथिंबिरीची जुडी फुकट मिळाली म्हणून खूश. मी चिडायचो. चिडू नको तर काय करू? ज्या गावात मी चड्डीवर हिंडलो, तिथे मला 'लंडनवाले काका' म्हणून दुप्पट भाव सांगायचे! माझ्याच गावात मी गिऱ्हाईक झालो होतो, आणि ती मात्र जनाताई झाली होती.

तिला जनाताई केलं ते किसननं. किसन आमच्याकडे दूध घालायचा. जवळच्या तांड्यावरचा, बंजारा, घरची थोडी तुरी-कापसाची शेती. पहिल्याच पावसाळ्यात जेन तापानं अंथरुणाला खिळली तेव्हा त्याची म्हातारी आई येऊन दिवसभर तिच्या पायाशी बसून राहिली. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं, तरी बोलणं थांबत नव्हतं. बरी झाल्यावर जेनने किसनला राखी बांधली. म्हातारीला ती किसनसारखंच 'याडी' म्हणायला लागली — याडी म्हणजे आई.

आणि मग दिवाळीला किसन मोटारसायकल घेऊन फाटकाशी हजर.

"भाऊजी, बहिणीले न्याले आलो."

मला हसू आलं. "अरे, हिला? तांड्यावर?"

"मंग? सासरीच ठेवता का दिवाळीले? लंडनात असंन तसं. आपल्याकडं भाऊ न्याले येते."

जेनला मी रीत समजावून सांगितली — लेकीला सणाला माहेरी नेतात, भाऊ येऊन नेतो. ती उठली. आत जाऊन पिशवी भरली आणि हॅट सांभाळत मागच्या सीटवर बसून गेली. परत आली ती नव्या बांगड्या घालून, अंगाला धुराचा आणि गुळाचा वास. तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघरी कशा जातात ते सांगत होती. त्यानंतर दर दिवाळीला हेच. आमच्यातल्या कुरबुरीत ती धमकी द्यायला शिकली — "मी माहेरी जाईन हं!" या वयात, या देशात तिला माहेर मिळालं होतं. मला याचा आनंद होता. खरंच होता.

मग बिघडलं काय? एक जागा.

आमच्या घराला लागून मोकळी जागा होती. एक कडुनिंब, एक बांधीव विहीर. शांताबाई नावाच्या विधवेची. मला ती हवी होती — म्हणजे किती हवी होती हे मी मलाही कळू देत नव्हतो. आमच्या धंद्यात हवं आहे हे चेहऱ्यावर दिसलं की मेलात. मी महिनोन्महिने शांताबाईकडे तोंड पाडून जात राहिलो. विहिरीचं पाणी मचूळ आहे, पावसात तळं होतं, असली जागा कोण घेतो, मी आपला तुमची अडचण बघून — वगैरे. आणि घरी? घरी जेन आणि मी टेबलावर कागद पसरून ओसरी कुठे काढायची ते आखत होतो. कडुनिंबाच्या सावलीत तिचे वाफे, तिथेच बाक. शांताबाई होकाराला आलीच होती. एका सकाळी गेलो तर बाई कंबरेवर हात ठेवून उभी.

"लंडनवाले भाऊ, तुमच्या घरी तं वसरीचा नकाशाबी झाला म्हणते! अन् मले सांगून राह्यले का जागा टाकाऊ हाय?"

कोणी सांगितलं हे विचारायला लागलं नाही. जेननं कौतुकानं किसनला कागद दाखवला होता. मी किसनला गाठलं. वाटलं, नाही म्हणेल. तो म्हणाला, "हो भाऊजी, मीच सांगतलं. तिनं इचारलं, खरंच का रे माही जागा इतकी खराब हाय? खोटं कायले बोलू?"

"तू माझा माणूस ना?"

"तुमचा हाय म्हणून तं तोंडावर कबूल करून राह्यलो."

मी शिव्या दिल्या. शांताबाईनं मागितलेला भाव रास्त होता, पण तो देणं म्हणजे हरणं. नाही दिला. जागा एका व्यापाऱ्यानं घेतली, कडुनिंब तोडला, विहीर बुजवली आणि टिनाचं गोदाम उभं केलं. त्या टिनाची झळ दुपारी थेट आमच्या स्वयंपाकघरात येते. रोज ती झळ लागली की मी मनात म्हणायचो — घरच्या माणसानं दगा दिला. बाजारात मला पुष्कळांनी फसवलं, ते मी विसरलो. पण हा माझ्या ताटात जेवलेला माणूस! जेनला मी काही बोललो नाही. तिची चूक होती, पण तिच्यावर राग काढायची माझी छाती झाली नाही. सगळा राग किसनच्या नावावर साठवत गेलो.

त्या वर्षीची दिवाळी आली. जेनने पिशवी भरून दाराशी ठेवली, याडीसाठी विणलेली लोकरीची टोपी वर ठेवली आणि न्हायला गेली. फाटकाशी गाडी थांबली. मी बाहेर गेलो.

मी काय बोलणार हे फाटकापर्यंत जाईस्तोवर ठरलेलं नव्हतं — असं म्हणू का? नाही. ठरलेलं होतं. कितीतरी दुपारी, त्या झळीत बसून, मी ते घोकलं होतं.

"ती येणार नाही," मी म्हणालो. "तिनंच सांगितलंय. म्हणाली, दूधवाला तो दूधवाला. उगाच नातं लावत बसले."

किसननं माझ्याकडे पाहिलं. "बाईनं सोता म्हटलं?"

"स्वतः."

तो गाडीवरून उतरला. मग म्हणाला, "याडीनं सकाळपासून चूल पेटवली हाय. तिले काय सांगू?"

"ते तुझं तू बघ."

त्यानं गाडी सुरू केली नाही. हातानं ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली — आत बाईला आवाजाचा त्रास नको म्हणून असेल. मला ते सोयीचंच झालं. जेनला काही ऐकू गेलं नाही.

ती संध्याकाळपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसली होती, ओले केस पाठीवर. तिनं विचारलं, "आला नाही?" मी म्हणालो, "लोक असेच. कामापुरते." तिनं फक्त एक शब्द उच्चारला — "हाही?"

पीटरचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरज होती का?

फोन कर, असं मी म्हटलं नाही, आणि तिनंही केला नाही. एवढंच म्हणाली की एका माणसाला फोन करत राहणं मी एकदा करून पाहिलं आहे. किसननं दूध बंद केलं. आमची गल्लीच सोडली. आम्ही पिशवीचं दूध घ्यायला लागलो. तिचं वऱ्हाडी बोलणं कमी झालं. बाजारात बोटानं दाखवायची, पैसे द्यायची, यायची.

इथे थांबलो असतो तर मी त्याला राग म्हटलं असतं. रागाच्या भरात माणूस बोलतो. पण पुढच्या उन्हाळ्यात बाजारात कळलं, किसनची आई गेली. जेननं ते भाजीवालीकडून ऐकलं आणि तशीच घरी आली, भाजी न घेता. म्हणाली, "मला जायचंय. आत्ता. जायचं असतं ना?"

ती मला विचारत होती. इथल्या सगळ्या रीती ती मलाच विचारायची — हळदीकुंकवाला काय न्यायचं, कोणाच्या पाया पडायचं, चपला कुठे काढायच्या. माझ्याशिवाय तिला कोण सांगणार? गेली असती तर किसन भेटला असता. किसन भेटला असता तर फाटकातलं बोलणं निघालं असतं. मी हिशेब केला. मला करावाच लागत नाही, तो आपोआप होतो.

मी म्हणालो, "बोलावणं नाही आलं. बोलावल्याशिवाय मातीला जायचं नसतं. वाईट दिसतं."

तिनं मान डोलावली. बूट काढून आत गेली.

गेल्या महिन्यात समोरच्या घरचे आजोबा वारले. सगळी गल्ली गेली. मी गुडघ्याचं निमित्त करून घरी, आणि जेन खिडकीशी उभी. दोन दिवसांनी समोरच्या सूनबाई आमच्या दारात आल्या. मी आतून ऐकत होतो.

"जनाताई, तुमी काहून नाही आल्या? आबा तुमाले किती मानत."

"मला बोलावलं नव्हतं," जेन म्हणाली.

त्या बाईला रडता रडता हसू फुटलं. "अवो माय! मातीले कोणी बोलावते का? लग्नाले बोलावतात. मातीले तं ऐकलं का पाय काढा."

जेन आत आली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी चष्मा पुसत होतो. ती काही विचारेल म्हणून मी तीन-चार उत्तरं जुळवून ठेवली होती. तिनं एकही वापरू दिलं नाही. दुसऱ्या सकाळी हॅट घातली, एसटीनं एकटी तांड्यावर गेली.

परत आली ती किसनच्या गाडीवर. तो कोपऱ्यावर थांबला, पुढे आला नाही. एवढ्यातच तो म्हातारा झालेला दिसला. ती चालत फाटकाशी आली, जिथे मी उभा होतो. म्हणाली, "याडी शेवटपर्यंत विचारत होती म्हणे — बाईचं माझ्याकडून काय चुकलं?" आणि आत गेली.

नंतर त्यावर आम्ही बोललो नाही. ती स्वयंपाक करते, मी जेवतो. दुपारी पडदे ओढतो. दिवाळीत ती तांड्यावर जाईल. किती दिवस, ते तिनं सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही.

फाटकाशी जे शब्द मी तिच्या तोंडी घातले ते तिचे नव्हते, माझे होते. आणि मातीला बोलावणं लागत नाही, हे मला कळत्या वयापासून ठाऊक होतं.