निरोगी डोळ्यांची मापे

आमोण्यात अजून सांगतात, की डिचोलीच्या दवाखान्यातल्या त्या तंत्रज्ञाने मला हाकलले. साफ खोटे. सांगणारे दाराबाहेर बाकावर बसले होते. आत आम्ही दोघेच होतो.

पत्नीच्या डोळ्यांसाठी मी वरचेवर तिथे जाई. तो तंत्रज्ञ निरोगी डोळ्यांच्या रक्तवाहिन्या आणि पडद्याच्या थरांची जाडी मोजत असे. आजारी डोळे पुढे त्या मापांशी ताडले जाणार होते. यंत्र फोटो काढते म्हणून आमचे लोक इस्त्रीचे कपडे घालून येत. तो हसत नसे. कॉलर सारखी करू देई आणि मगच यंत्राच्या टेकूकडे बोट दाखवून म्हणे, "हनवटी हांगा दवरात. हालूं नाकात."

निरोगींत माझीही गणना व्हावी, असे मला वाटले.

"काका, साखर आसा?" त्याने मधुमेहाबद्दल विचारले.

"ना," मी ठणकावले.

मापे घेतल्यावर त्याने चित्र बराच वेळ न्याहाळले, दार लोटले आणि तोच प्रश्न खालच्या आवाजात पुन्हा विचारला. "ह्या आंकड्यांचेर हेरांचे दोळे पारखतले, काका." म्हणजे माझ्या आकड्यांवर इतरांचे डोळे पारखले जाणार होते.

"आसा," मी कबूल केले.

त्याने माझी मापे खोडली, डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली आणि दार उघडून बाहेर एवढेच सांगितले, "काकांचें जालें."

माझी साखर घरातही कोणाला ठाऊक नव्हती. त्याने ती कोणालाच कळू दिली नाही. म्हणून त्याची बाजू मांडताना आज ती मलाच सांगावी लागत आहे.